ओळ क्रमांक दोनशे अठरा

ऑफिसात त्यांना समोर सगळे बाई म्हणत आणि पाठीमागे मांजर. मांजर अशासाठी, की त्यांच्या टेबलावर माऊस टिकत नसे. नोकरीला लागल्यापासून ऑफिसने त्यांना सात माऊस दिले होते आणि ते सातही खालच्या खणात वायरी गुंडाळून पडले होते. बाईंना माऊस लागतच नसे. त्यांचा एडिटर, म्हणजे ज्यात बसून प्रोग्रॅम लिहायचे ती खिडकी, काळीकुट्ट होती. तिच्यात बटणं नव्हती, चित्रं नव्हती, आणि चुकलं तर सांगणारं कोणी नव्हतं. सगळे हुकूम बोटांना पाठ. बाई टाइप करू लागल्या की मनगटंसुद्धा हलत नसत, त्यामुळे शेजारून जाणाऱ्याला वाटे, यांचं काही चाललेलंच नाही.

त्यांची कंपनी टायरच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर होती. शहरातल्या बसची वेळापत्रकं आणि थांब्यांवरच्या उजेडाच्या पाट्या यांचे प्रोग्रॅम तिथे लिहिले जात. खिडकी उघडली की रबराचा वास येई आणि बंद केली की माणसांचा. बाई तिथे सव्वीस वर्षं होत्या. एवढ्या वर्षांत त्यांनी पाच साहेब, अकरा प्रोग्रॅमिंग भाषा आणि कॉफीची तीन मशिन्स येताना-जाताना पाहिली होती, आणि कॉफीचं पहिलं मशीन सोडलं तर त्यांना यातलं काहीही आवडलं नव्हतं.

भाषांबद्दल त्यांचं मत असं होतं. दर दोन-तीन वर्षांनी एक नवी भाषा येते. नव्या सुनेसारखं तिचं कौतुक होतं. ही किती नीटनेटकी, ही किती कमी बोलते. घरातलं सगळं काम मात्र जुनीच करत राहते. मग नवीही जुनी होते आणि कोपऱ्यात भांडी घासायला बसते. नव्या एडिटरांचं तर बाईंना नावही खपत नसे. आपण दोन अक्षरं टाइप केली की पुढचा शब्द तो सुचवतो. "आपलं वाक्य दुसऱ्याने पुरं केलेलं मला जेवताना चालत नाही, तर कामात कसं चालेल?" त्या म्हणत. एखादं साधन बसवायला आधी दुसरं साधन बसवावं लागलं की त्यांच्या कपाळाला जी आठी पडे ती संध्याकाळपर्यंत उतरत नसे. एकदा धाकट्या जावेने भीत भीत विचारलं, "जाऊबाई, तुम्ही कॉम्प्युटरवाल्या ना, आमचा प्रिंटर जरा बघता?" बाई म्हणाल्या, "मी कॉम्प्युटरवाली आहे. प्रिंटरचं दुखणं डॉक्टरला दाखव." जावेने पुन्हा विचारलं नाही.

त्यांना जगात एकाच माणसाची कामाची पद्धत पटे, ती म्हणजे नवऱ्याची. त्याचं चष्म्याचं दुकान होतं आणि गिऱ्हाइकांचे नंबर तो अजून वहीत लिहीत असे. "तुमची वही बरी," त्या म्हणत. "ती स्वतःहून काही करत नाही."

बाईंच्या एडिटरला मात्र स्वतःहून बरंच काही करता येई, कारण बाईंनीच त्याला ते शिकवलं होतं. त्यासाठी एक फाइल होती. त्या फाइलीत बाईंच्या सगळ्या सवयी लिहिलेल्या होत्या, चारशेच्या वर ओळी. ती त्यांनी एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर नेत नेत सव्वीस वर्षं जपली होती. अल्बममधले फोटो एखादे वेळी हरवले असतील, फाइल हरवली नव्हती. तिची एक प्रत ऑफिसात सगळ्यांसाठी ठेवलेली होती, पण ती कोणी उघडत नसे. प्रत्येक ओळीशेजारी ती का लिहिली याची टीपही होती. ही टीप लिहिण्याची शिस्त ऑफिसात बाईंनीच लावली होती. दुसऱ्याच्या प्रोग्रॅममध्ये टीप नसली तर त्या माणसाचा चारचौघांत पाणउतारा होई.

अशा या बाईंच्या शेजारच्या टेबलावर जवळजवळ सहा महिन्यांपूर्वी मास्तर आले.

मास्तर त्रेचाळीस वर्षांचे होते. एका शाळेत गणित शिकवत. शाळा बंद पडली, तेव्हा सहा महिने घरी बसून प्रोग्रॅमिंग शिकले आणि सहा महिन्यांच्या बोलीवर इथे लागले. काम पटलं तर कायम, नाही तर नमस्कार. घरी बायको आणि दोन मुली. त्यांचा एडिटर रंगीबेरंगी होता. कंस हिरवे, आकडे नारिंगी, चूक झाली की खाली लाल नागमोडी रेघ. शब्द सुचवला गेला की मास्तर मनापासून "वा" म्हणत. बाईंना ते ऐकू येई.

"मास्तर, जत्रा कुठपर्यंत आली?" त्या विचारत.

"निघालीच बाई," मास्तर हसून म्हणत. त्यांना राग येत नसे, आणि त्याचाही बाईंना राग येई.

थांब्यांवरच्या पाट्या जुन्या होत्या. त्या ओळ ओळखत नसत, अक्षरं मोजत. प्रत्येक थांब्याला बरोबर बत्तीस अक्षरांची जागा. नाव छोटं असलं की उरलेली जागा कोऱ्या जागांनी भरायची, म्हणजे स्पेसबार दाबून. एक जरी कोरी जागा कमी पडली तरी पुढचं सगळं तेवढं सरकणार. ही यादी पूर्वी एक जुना प्रोग्रॅम आपोआप तयार करी, त्यामुळे तिला कोणी हात लावत नसे. गेल्या महिन्यात तो प्रोग्रॅम बंद झाला आणि यादी हाताने सांभाळायचं काम मास्तरांवर आलं.

शुक्रवारी एका थांब्याचं नाव बदललं. मास्तरांनी ते यादीत बदललं, ओळीतली अक्षरं पेन्सिलीच्या टोकाने पडद्यावर मोजली आणि यादी तपासायला बाईंकडे पाठवली. पाठवताना म्हणाले, "बाई, ओळींच्या शेवटी कोऱ्या जागा आहेत त्या मुद्दाम आहेत हं."

"मास्तर, कोऱ्या जागा मोजत बसणं हा शाळेतला उद्योग. इथे कामं असतात."

बाईंनी यादी आपल्या काळ्या खिडकीत उघडली. एके ठिकाणी स्वल्पविराम जास्त होता. तेवढ्यासाठी यादी परत कोण पाठवतो? बाईंनी तो खोडला, जतन केलं आणि यादी पुढे पाठवून दिली. ऑफिसची रीतच होती, की तपासणाऱ्याने केलेली बारीक दुरुस्ती मूळ माणसाच्याच नावावर जायची. नोंदीत नाव मास्तरांचं लागलं.

सोमवारी नवी यादी पाट्यांवर चढली आणि सकाळी सात ते दहा, एकसष्ट थांब्यांवर काहीच्या काही दिसलं. हॉस्पिटलची बस स्टेशनच्या नावापुढे, स्टेशनची स्मशानभूमीच्या. लोक भलत्या बसमध्ये चढले. बाईंचा नवराच तलावापाशी जाऊन उतरला आणि दुकान सव्वा तास उशिरा उघडलं.

साडेदहाला साहेबांनी सगळ्यांना मधल्या खोलीत बोलावलं. नऊ माणसं होती. यादीतल्या ओळींच्या शेवटच्या कोऱ्या जागा नाहीशा झाल्या आहेत एवढं कळलं होतं. शुक्रवारच्या नोंदीत मास्तरांचं नाव होतं. बदल दाखवणाऱ्या पडद्यावर मात्र थांब्याचं नाव आणि स्वल्पविराम यांपलीकडे काही दिसत नव्हतं, कारण कोऱ्या जागांतले फरक तो पडदा दाखवतच नसे. ती सोयही बाईंनीच हट्टाने करून घेतली होती. असल्या क्षुल्लक गोष्टींवर वाद नकोत म्हणून.

"मी मोजल्या होत्या," मास्तर म्हणाले. "पाठवताना होत्या."

"तुम्ही मोजल्या असतील," बाई म्हणाल्या, "पण तुमच्या त्या जत्रेला कुठे माहीत होतं? असले एडिटर न विचारता साफसफाई करतात. ज्याला आपलं हत्यार काय करतं हे माहीत नाही त्याने हत्यार उचलू नये. हे मी सहा महिने बघतेय."

दोघे-तिघे हसले. मास्तर पेन्सिलीकडे बघत राहिले. साहेबांनी त्यांना लेखी खुलासा द्यायला सांगितलं आणि म्हणाले, "गुरुवारी तुमच्या कायम होण्याचा निर्णय आहे, माहीत आहे ना?" मास्तरांनी मान हलवली.

बाईंचं एवढ्यावर समाधान झालं असतं तर गोष्ट इथेच संपली असती. पण नुसतं बरोबर असून त्यांचं कधी भागत नसे, समोरच्याला ते दिसावंही लागे. बुधवारी सकाळी त्यांनी मास्तरांचा एडिटर स्वतःच्या मशीनवर बसवून घेतला. त्यासाठी खणातून एक माऊसही काढावा लागला. जुनी यादी त्यात उघडून जतन करायची, कोऱ्या जागा गेलेल्या दाखवायच्या आणि तो पुरावा साहेबांपुढे ठेवायचा, असा बेत होता.

त्यांनी यादी उघडली. जतन केली. मोजली. कोऱ्या जागा जागच्या जागी होत्या.

पुन्हा केलं. होत्या. एक अक्षर बदलून केलं, तरी होत्या. रंगीत एडिटरने एकाही कोऱ्या जागेला धक्का लावला नव्हता. आता तुलनेसाठी म्हणून बाईंनी तीच यादी काळ्या खिडकीत उघडली आणि जतन केली. यादी नऊशे अक्षरांनी कमी झाली.

बाईंना आधी राग आला, मशीनचा. मग त्यांनी सवयींची फाइल उघडली आणि शोधलं. ओळ क्रमांक दोनशे अठरा. जतन करताना प्रत्येक ओळीच्या शेवटच्या कोऱ्या जागा न विचारता पुसून टाकायच्या. तारीख बावीस वर्षांपूर्वीची. शेजारी टीप, बाईंच्याच शब्दांत: 'मागे घाण ठेवून जाणाऱ्या गाढवांसाठी.'

ही ओळ आपण लिहिली हे त्यांना आठवतही नव्हतं. बावीस वर्षं ती गुपचूप आपलं काम करत होती. आत्ता खोडली तर कोणाला पत्ता लागणार नव्हता, हे त्यांना लगेच सुचलं. आणि ते इतक्या लगेच सुचलं याची त्यांना लाज वाटली.

बाई मास्तरांच्या टेबलाकडे वळल्या आणि थबकल्या. मास्तरांचा पडदा काळा होता.

"बाई, बरं झालं आलात," मास्तर म्हणाले. "काल तुमचाच एडिटर बसवून घेतला. तुमची ती सवयींची फाइलही घेतली, सगळ्यांसाठी ठेवलेली असते ना, तिथून. खुलाशात तसं लिहिलंय, की चूक माझ्या साधनाची, यापुढे बाईंचंच साधन वापरीन. फक्त यातून बाहेर कसं पडायचं ते सापडत नाहीये. अर्धा तास झाला."

बाईंनी खुर्ची ओढली. "मास्तर, दोनशे अठरावी ओळ काढा."

मास्तरांनी ओळ गाठली आणि वाचली. शाळेत शिकवणाऱ्या माणसाला वाचताना ओठ हलवायची सवय असते. टीपही त्यांनी वाचली. मग पेन्सिल खाली ठेवली.

"म्हणजे मी बरोबर मोजल्या होत्या," ते म्हणाले.

"हो."

"मग खुलासा परत घ्यायला हवा. पण मी मागितला तर कांगावा वाटेल. तुम्ही सांगाल का?"

बाई तशाच साहेबांच्या खोलीत गेल्या. साहेबांनी ऐकून घेतलं, दार लोटलं आणि आवाज उतरवला. "बाई, तुमचं नाव कशाला खराब करायचं? मास्तरांना मी कायम करतो. खुलासा फाडून टाकू. विषय संपला."

सोय चांगली होती. बाईंना ती क्षणभर फार आवडली. मास्तरांची नोकरीही राहिली असती आणि बाईंचा दराराही. पण मास्तर टायरच्या दुकानावरच्या त्या खोलीत पुढची पंधरा वर्षं साधनाने फसवलेला माणूस म्हणूनच बसले असते.

"सोमवारी नऊ माणसं होती," बाई म्हणाल्या. "त्या सगळ्यांना बोलवा."

मधल्या खोलीत त्या उभ्या राहून बोलल्या. चूक माझी होती, माझ्या एडिटरला मीच ती लावून दिली होती, नोंदीत नाव मास्तरांचं लागलं ते आपल्या रीतीमुळे, मास्तरांनी मोजलेलं बरोबर होतं आणि सोमवारी मी जे बोलले ते न तपासता बोलले. कोणी हसलं नाही. बाईंना वाटलं, दोघे-तिघे हसले असते तर बरं झालं असतं.

गुरुवारी मास्तर कायम झाले. शुक्रवारी बाई आल्या तेव्हा शेजारी पुन्हा हिरवे कंस आणि नारिंगी आकडे होते.

"का काढलात?" बाईंनी विचारलं. "एडिटरचा दोष नव्हता. ओळ माझी होती. ती गेली ना आता."

"एडिटर चांगलाच आहे, बाई. हात बसला असता." मास्तर जरा अडखळले. "पण ती फाइल मी घरी बसून सगळी वाचली. चारशे ओळी. प्रत्येक ओळीशेजारी कोणाला तरी शिवी आहे. कोणी गाढव, कोणी आळशी, कोणी अर्धवट. एकदोन माणसं तर आपल्याच ऑफिसातली वाटली. मला रोज सकाळी ते उघडून कामाला बसवेना."

बाई आपल्या टेबलाशी आल्या आणि त्यांनी फाइल पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्या एकशे चाळिसाव्या ओळीवर पोचल्या होत्या. लिहिताना यातल्या कितीतरी टिपांवर आपण स्वतःशीच हसलो होतो हे त्यांना आठवत होतं. आता एकीवरही हसू आलं नाही.