उकळत्या पेजेतले जिवंत जंतू

आमच्या घरात कुणाचंही पोट बिघडलं की सगळ्यांत पुढे मी असतो. उपयोगाला नव्हे, बोलायला. पन्नाशी ओलांडल्यापासून माझा फोन मला आरोग्याविषयी इतकं काही सांगत असतो, की ते ऐकून घ्यायला घरातली माणसं पुरत नाहीत. बायको तर मी "आतड्यात ना..." म्हटलं की विहिरीवर जाते. विहिरीला पंप बसून बारा वर्षं झाली आहेत.

गेल्या पावसाळ्यानंतर बाबांना न्यूमोनिया झाला. दहा दिवस हॉस्पिटलात राहून, दोन्ही हात सुयांनी काळेनिळे करून घेऊन ते मालवणला घरी आले आणि ओसरीवर टेकता टेकताच त्यांनी सांगून टाकलं, "आता माका परत थंय न्हेव नको. मरान तर हयच मरान."

छाती सुधारली, पण अँटिबायोटिकांनी पोटाची वाट लावली. दिवसातून सात-आठ वेळा संडासला. परवापर्यंत आंब्याच्या कलमांवर चढणारा माणूस भिंत धरून चालायला लागला. आमच्या डॉक्टरांनी तपासण्या करून घेतल्या, त्यात वावगं काही निघालं नाही. ते म्हणाले, "औषधांनी वाईट जंतूंबरोबर आतड्यातले चांगले जंतूही मारलेत. ते परत वाढायला वेळ लागतो. मीठ-साखरेचं पाणी, पेज, आणि ही प्रोबायोटिकची कॅप्सूल रोज एक. पुढच्या सोमवारी वजन करू. आणखी उतरलं असेल, तर मात्र ॲडमिट करावं लागेल."

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू न्यूमोनिया मीच आणला होता.

कॅप्सूल त्यांच्या घशाखाली उतरत नाही, हे मी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, उघडून खाण्यात मिसळा. त्यापुढेही ते काहीतरी म्हणाले. पण तेवढ्यात मी त्यांना, आपल्या अंगातल्या पेशींइतकेच जंतू आपल्या आत कसे राहतात, ते समजावून द्यायला लागलो होतो. डॉक्टर सज्जन आहेत. त्यांनी मला बोलू दिलं.

तर 'खाण्यात' म्हणजे कशात? आमच्याकडे आजारी माणसाच्या खाण्याला एकच नाव आहे. उकड्या तांदळाची पेज, सकाळी दहाला, चुलीवरून उतरल्या उतरल्या, वाटीला हात लावला तर चटका बसेल अशी. बाबा ती फुंकर न मारता पितात. मी रोज स्वतः कॅप्सूल उघडायचो, पांढरी पूड वाफाळत्या पेजेत टाकायचो आणि तळापासून ढवळायचो. मंगळवार, बुधवार, गुरुवार. बायको म्हणाली, "देवाचो नैवेद्य तरी कधी येवढ्या भक्तीन दाखवलास?" मी म्हटलं, "तुका समजणा नाय. कोट्यवधी जीव आसत ह्याच्यात."

गुरुवार संध्याकाळपर्यंत पोटात काडीचा फरक नव्हता. बाबांचा सदरा खांद्यावरून घसरायला लागला होता. सोमवार जवळ येत होता, आणि हॉस्पिटलात नेणार नाही असा शब्द मी बाबांना देऊन बसलो होतो. तो शब्द द्यायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी दहाला शेजारची आंटी बाबांना बघायला आली. आमच्या कुंपणापलीकडचं ख्रिश्चन घर तिचं. नाताळला आमच्याकडे सान्नं येतात ती तिच्या हातची: तांदळाचं पीठ माडीने आंबवून वाफवलेली, इडलीची गोडसर बहीण. मी माझा विधी सुरू केला. ती कंबरेवर हात ठेवून बघत राहिली.

"ह्या काय रे घातलंस?"

"चांगले जंतू, आंटी. जिते."

"जिते? आनी ह्या उकळत्या पेजेत?"

मी मान डोलावली. डोलावता डोलावताच ती जरा जड झाली.

"अरे झिला," आंटी म्हणाली, "मी सान्नांच्या पिठात शिजवलेलो भात घालतंय. तो निवल्याशिवाय माडी घालणय नाय. गरमात घातली तर माडी मरता, पीठ फुगणा नाय, सान्नां दगड होतत. ह्या माका अक्षर येणा नाय तरी ठावक आसा. तू तर फोन बघून डॉक्टर झालंस."

बायको दारात उभी होती. तिने नुसता पदर तोंडाला लावला.

मी डॉक्टरांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "मी तेव्हाच म्हटलं होतं, गार किंवा कोमट असेल त्यातच घाला. या कॅप्सूलमधले जंतू उष्णतेने मरतात." म्हणजे मंगळवारपासून चार दिवस रोज सकाळी दहाला मी कोट्यवधी जीव जिवंत उकळले होते, वर ढवळलेही होते.

आता उपाय सोपा होता: पेज निववून द्यायची. बाबांनी वाटीला बोट लावलं आणि ती बाजूला सारली. "निवलेली पेज ढोरांका घाल." मग दही? "दह्यान कफ होता. आताच छातीतून उठलंय." मी खाटेच्या कडेला बसलो आणि पहिल्यांदाच फोनमधलं सोडून, घडलेलं सांगितलं. कॅप्सुली फुकट गेल्या, त्या मीच घालवल्या, आता तीन दिवस राहिलेत. मग सवयीने पुढे जाऊन आतड्यातल्या जंतूंचं महत्त्व सांगायला लागलो, तेव्हा त्यांनी हात वर केला.

"तुझा लेक्चर रवांदे. माका कळला. मागे एका वर्षी आपण कलमांवर फवारणी जादा केली, आठवता? मोहोर मोप इलो. पण किड्याबरोबर फळ धरवणाऱ्यो माशयो पण मेल्यो. मगे फळ खंय धरला?"

"नाय धरला."

"तीच फवारणी त्या औषधांनी माझ्या पोटात केल्यानी. आनी तू नवीन माशयो आणलंस, त्यो कढत पाण्यात बुडवलंस."

एवढं नेमकं मला फोनवरच्या इतक्या वाचनातून सांगता आलं नव्हतं. तह असा झाला: पेज गरमच, पण तासाभराने दोन चमचे ताज्या दह्यात कॅप्सूल. ताजं म्हणजे बायकोने आदल्या संध्याकाळी लावलेलं. "कफ झालो तर तुझ्या डोक्यार," असं मला रोज बजावून ते खायचे. शनिवारी पाच वेळा जावं लागलं. रविवारी तीन वेळा, आणि दुपारी त्यांनी पेजेबरोबर भाजलेला पापड मागितला.

सोमवारी काट्यावर उभे राहताना बाबांचा सदरा एका बाजूला लोंबत होता. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, खिशातलं काढून ठेवा."

"काय नाय खिशात."

"काढा."

आधी अडकित्ता निघाला. मग बागेतल्या मांगराच्या, म्हणजे खोपटाच्या, किल्ल्यांचा जुडगा, कुलपासकट. मग पंपाचा एक पितळी नट, तो मी चार दिवस शोधत होतो. डॉक्टरांनी सगळं टेबलावर ओळीने मांडलं आणि बाबांना परत उभं केलं. मी काट्याकडे न बघता भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे बघत होतो.

"तीनशे ग्रॅम वाढलंय," डॉक्टर म्हणाले. "ॲडमिट व्हायची गरज नाही."

मी तेवढ्यात कॅप्सूल, दही, चांगले जंतू असं काहीबाही बोलायला लागलो. डॉक्टर म्हणाले, "सगळं श्रेय कॅप्सूलला देऊ नका. अँटिबायोटिक थांबल्यावर बरीच पोटं आपोआप सावरतात. त्यांच्या पेजेने आणि मीठ-साखरेच्या पाण्यानेही काम केलंय. कॅप्सुलीने हातभार लावला असेल. किती, ते मला सांगता येणार नाही." इतकं शिकलेला माणूस 'सांगता येणार नाही' म्हणतो, हे ऐकून मी थोडा वेळ गप्प बसलो. बायकोला हे मी घरी गेल्यावर सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही.

बाबांना या चर्चेत रस नव्हता. ते अडकित्ता खिशात घालत होते.

"डॉक्टर, बांगडो कधी खावचो?"

"आठ दिवसांनी."

"चार."

"सहा. आणि तळलेला नाही."

"पाच," बाबा म्हणाले, "आनी भाजून." आणि उत्तराची वाट न बघता ते दाराकडे चालायला लागले.