मॅडम आत आहेत

आमच्या ह्यांना खोटं बोलता येत नाही, एवढ्या एका गोष्टीवर माझं लग्न ठरलं. थट्टा नाही करत. माझे वडील बसमध्ये तिकीट तपासायचे. उभा जन्म त्यांनी माणसांचे चेहरे वाचण्यात घालवला. कोण फुकट चाललंय हे त्याने खिसे चाचपायच्या आधीच त्यांना कळायचं, आणि घरी आले की तीच नजर आम्हा भावंडांवर. लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मुलगा डॉक्टरी लाइनीत आहे." तर हे तिथल्या तिथे म्हणाले, "डॉक्टर नाही. फिजिओथेरपिस्टही नाही. त्यांचा सहाय्यक आहे." सासूबाईंचं तोंड एवढंसं झालं. बाबा मात्र घरी येईपर्यंत हसत होते. मला म्हणाले, "या माणसाने तिकीट काढलेलं आहे. डोळे झाकून हो म्हण."

मी हो म्हटलं, आणि पस्तावले असं नाही. माणूस सरळ, अगदी नाकासमोर चालणारा. नाद एकच, लोकांच्या पायांकडे बघायचा. फिरायला निघालो की पुढे चाललेल्या अनोळखी बाईबद्दल मला सांगणार, "डाव्या गुडघ्यावर भार टाकत नाहीत बघ." मी म्हणायची, "अहो, बायकोबरोबर आलाय, जरा बायकोकडे बघा." मग माझ्या पायांकडे बघायचे. पेशंटला हात लावायच्या आधी तळवे एकमेकांवर घासून गरम करायची सवय इतकी लागलेली, की घरी कणीक मळायला बसले तरी आधी हात चोळणार.

त्यांच्या कामाचा एक नियम आहे, तो सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. नवीन पेशंट आला की त्याला तपासायचं फिजिओने. काय करायचं, किती करायचं, ते ठरवायचंही तिनेच. सहाय्यकाने तेवढंच करून घ्यायचं, स्वतःच्या मनाने कमी नाही आणि जास्त नाही. पेशंटमध्ये काही वेगळं दिसलं, तर हात थांबवायचा आणि फिजिओला बोलवायचं. आणि बोलवायचं तर ती हाकेच्या अंतरावर हवी, म्हणून सहाय्यक कामाला उभा असेल तोवर फिजिओ त्या इमारतीत पाहिजेच. तसं नसेल तर दोघांचीही नोंदणी धोक्यात. लग्नानंतर ह्यांनी मला हे इतक्यांदा समजावलं होतं, की मी झोपेतसुद्धा म्हणून दाखवलं असतं.

ह्यांच्या मॅडम हुशार होत्या, पेशंटशी गोड बोलायच्या. सुरुवातीला दिवसभर केबिनमध्ये असायच्या. मग एकदा मुलगी आजारी पडली म्हणून अर्धा दिवस गेल्या, जाताना ह्यांना म्हणाल्या, "कोणी विचारलं तर आत आहेत म्हणा, उगाच लोक परत जातील." मग गावाच्या दुसऱ्या टोकाला त्यांनी आणखी एक क्लिनिक काढलं, आणि अर्ध्या दिवसाचे पूर्ण दिवस झाले. व्यायामाच्या खोलीत जाताना चपला बाहेर काढायच्या असा तिथला रिवाज होता. मॅडमनी केबिनच्या दाराशी आपला एक जुना जोड कायमचा ठेवून दिला. दाराची काच धुरकट. आत दिवा लावलेला, पंखा चालू. सकाळी आल्यावर दिवा आणि पंखा लावायचं काम ह्यांचं.

हे सगळं मला मागाहून कळलं. तेव्हा मला कशाचा पत्ता नव्हता. हे रोज वेळेवर जायचे, वेळेवर यायचे, जेवताना जरा गप्प असायचे. मला वाटायचं, वय झालं, दमतात.

मग बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. गुडघा नवीन बसवला, आणि पुढे रोज व्यायाम करून घ्यायला सांगितलं. आई गेल्यापासून बाबा आमच्याकडेच होते. धाकटा भाऊ म्हणाला, मोठ्या हॉस्पिटलात जाऊ, तिथे चांगली यंत्रं आहेत. बाबांनी त्याला उडवून लावलं. "घरचा माणूस असताना मी यंत्रांच्या हातात कशाला जाऊ? जावईबापू माझा पाय वाकवतील." पहिल्या दिवशी मॅडमनी त्यांना नीट तपासलं, सगळं ठरवून दिलं. त्यानंतर मी त्यांना रोज घेऊन जायची. भिंतीला टेकून बाकावर बसायची, आणि हे बाबांचा पाय धरून म्हणायचे, "श्वास सोडा बाबा, अजून थोडं." बाबा कण्हत कण्हत शेजारच्या टेबलावरच्या माणसाला सांगायचे, "माझे जावई हे. हात बघा कसा आहे."

त्या दिवशी सकाळी बाबा म्हणाले, पोटरी ठणकतेय. मी म्हटलं, व्यायामाने असेल, ह्यांना सांगू. क्लिनिकमध्ये हे नेहमीसारखे तळवे चोळत आले, पाय हातात घेतला, आणि गुडघ्याखाली हात गेल्यावर थांबले. मी इतकी वर्षं हे हात बघतेय. भाजी चिरताना बघितलेत, आता सासरी असलेल्या पोरीला लहानपणी न्हाऊ घालताना बघितलेत. ते असे थांबत नाहीत. त्यांनी दुसरी पोटरी धरून बघितली, मग पुन्हा पहिली.

"काय झालं हो?"

"काही नाही. जरा गरम लागतेय."

"मग मॅडमना दाखवा ना. आहेत ना मॅडम?"

"आत आहेत," हे म्हणाले.

सहज म्हणाले. दूध तापवलंय, दार लावलंय, असं घरी सांगतात त्याच आवाजात. डोळ्याची पापणी हलली नाही. बाबांची नजर त्यांच्या चेहऱ्यावर होती, आणि बाबांनाही काही दिसलं नाही.

मग ते केबिनकडे गेले. दारावर टकटक केली. "मॅडम, येऊ का?" म्हणाले, आत गेले, दार लावून घेतलं. आम्ही थांबलो. धुरकट काचेतून ह्यांची पाठ दिसत होती. बाबा म्हणाले, "बघ, किती पद्धतशीर. विचारल्याशिवाय काही करत नाहीत." थोड्या वेळाने हे बाहेर आले.

"मॅडम म्हणाल्या, ऑपरेशननंतरची सूज असते. आज व्यायाम नको. पाय उशीवर उंच ठेवा, उद्या त्या स्वतः बघतील."

आता मी मुळातच तापट. माझ्या बापाचा पाय गरम झालाय आणि ही बाई चार पावलं चालून बाहेर येत नाही, याने माझं डोकं फिरलं. "उद्या का? आत बसल्यात ना? मग आत्ता बघू देत," म्हणत मी उठले. हे म्हणाले, "अगं, थांब." मी थांबणारी नव्हे. त्यांनी माझा दंड धरला. भरल्या खोलीत त्यांनी मला असं कधी धरलेलं नाही. मी हात सोडवला आणि दार ढकललं.

दिवा चालू, पंखा गरगरतोय, खुर्ची रिकामी. टेबलावर ह्यांचा फोन पडला होता, मॅडमना लावलेला. त्यांनी उचललाच नव्हता.

म्हणजे माझा नवरा त्या रिकाम्या खुर्चीसमोर उभा राहिला होता. तिथे उभं राहून त्याने मॅडमचं मत स्वतःच ठरवलं, आणि बाहेर येऊन ते माझ्या बापाला सांगितलं. मी वळले तेव्हा हे दारातच होते. मागे बाबा कोपरावर उठून बघत होते, शेजारच्या टेबलावरचा माणूसही मान वळवून बघत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. राग नंतर आला, आधी लाज आली. ज्यांचं खोटं पकडलं गेलं ते समोर उभे होते, आणि तोंड लपवायला जागा मी शोधत होते.

टॅक्सी करून बाबांना हॉस्पिटलात नेलं. हे पुढच्या सीटवर बसले, क्लिनिकचा निळा सदरा तसाच अंगावर. पोटरीत रक्ताची गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, आज आणलंत ते बरं केलंत, उद्यावर टाकलं असतं तर वर फुप्फुसात गेली असती कदाचित. मग ह्यांच्या सदऱ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "फिजिओने पाय बघितला नव्हता का?" हे खाली बघत राहिले. बाबाही छताकडे बघत राहिले. शेवटी मीच म्हटलं, "नाही. त्या तिथे नव्हत्या."

घरी आल्यावर मी ह्यांना फाडून खाल्लं. विचारलं, तुम्हाला कळलं नव्हतं का गाठ असेल ते?

"शंका आली होती," हे म्हणाले. "पक्कं सांगणं माझं काम नाही. पण शंका आली होती."

"मग हॉस्पिटलात न्या म्हणायला काय झालं होतं? खोटंच सांगायचं होतं तर निदान तेवढं तरी सांगायचं. म्हणायचं, मॅडम म्हणाल्या हॉस्पिटलात न्या."

त्यांनी अंगातला निळा सदरा काढून खुर्चीवर टाकला. मग म्हणाले, "तसं म्हटलं असतं तर तू म्हणाली असतीस, मॅडमना बाहेर बोलवा, चिठ्ठी द्या म्हणावं. उद्या म्हटलं की तू उठणार नाहीस असं वाटलं." आणि मग, अगदी हळू, "मॅडम नाहीत, एवढंच म्हणायचं होतं गं. तेच तोंडातून निघेना. सवय गेली."

मी रागाने भांडी घासायला घेतली. घासलेलीच परत घासली.

हॉस्पिटलाने वर कळवलं असावं. चौकशी लागली. चौकशीच्या आदल्या दिवशी मॅडमनी ह्यांना बोलावून गोड आवाजात सांगितलं, "एवढंच म्हणा, मी पाच मिनिटं खालच्या दुकानात गेले होते. मी तुम्हाला सांभाळून घेईन." ह्यांनी चौकशीत सांगितलं, त्या दिवशी मॅडम नव्हत्या, बऱ्याच दिवशी नसतात, आणि आत आहेत असं लोकांना मीच सांगतो. मॅडमचं क्लिनिक बंद झालं. ह्यांची नोंदणी काही महिन्यांसाठी काढून घेतली. खरं बोलले म्हणून कोणी पाठ थोपटली नाही, आणि थोपटावी असं मलाही वाटलं नाही.

ते महिने आम्ही तिघं एकाच घरात काढले. बाबा त्याबद्दल एका शब्दाने बोलले नाहीत. टोमणासुद्धा नाही, आणि बाबांना टोमण्याशिवाय अन्न पचत नाही. फक्त एक नवीन खोड लागली. ह्यांनी चहा करून हातात दिला की बाबा मला विचारायचे, "बिनसाखरेचा आहे ना गं?" हे म्हणाले बाहेर गार वारा आहे, की बाबा माझ्याकडे बघायचे. मी मान हलवली की मग स्वेटर घालायचे. मुद्दाम करत होते असं नाही. मुद्दाम असतं तर मी भांडले असते. हे मान खाली घालून कप उचलायचे आणि विसळायला जायचे.

रात्री एकदा मीच ह्यांना विचारलं, दाराला कडी लावली का? "लावली," म्हणाले. थोड्या वेळाने पाणी प्यायच्या निमित्ताने मी उठले आणि कडी बघून आले. ह्यांचे डोळे मिटलेले होते. झोपले नव्हते, हे मला कळत होतं.

नोंदणी परत मिळाली तेव्हा एका नव्या क्लिनिकने ह्यांना घेतलं. झालं होतं ते ह्यांनी पहिल्याच भेटीत सगळं सांगितलं होतं. तिथल्या मॅडम तरुण आहेत, कडक आहेत. बाबांचा गुडघा मधल्या काळात आखडून बसला होता. जिना चढताना पाय ओढायचे. मी दुसरीकडे घेऊन जायचं ठरवलं, तर बाबाच म्हणाले, "जावईबापूंकडेच नेशील. घरचा माणूस आहे." हे दाराआड उभे होते, त्यांनी ऐकलं. त्या दिवशी त्यांना दोन घास जास्त गेले, आणि मलाही वाटलं, चला, सुटलो एकदाचे.

नव्या मॅडमनी बाबांना तपासलं, पाय मोजला, ह्यांना समोर उभं करून काय करायचं ते सांगितलं आणि आत गेल्या. हे तळवे घासत पुढे आले. बाबांचा पाय हातात घेतला. सगळं पूर्वीसारखं. बाकावर बसून मी पहिल्यांदाच जरा पाठ टेकली.

"मॅडम कुठे गेल्या?" बाबांनी विचारलं.

"आत आहेत, बाबा," हे म्हणाले.

बाबांनी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही. मान वळवून माझ्याकडे बघितलं. "बघून ये गं जरा."

मी म्हणू शकले असते की बाबा, असं काय करता. म्हणायला हवं होतं. पण मी उठले, चार पावलं चालले आणि दार उघडून बघितलं. मॅडम आत होत्या, डबा खात होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काही हवंय का?"

"नाही," मी म्हटलं.

परत येऊन बाबांना सांगितलं, आहेत. बाबांनी डोळे मिटले आणि पाय सैल सोडला. हे खाली बघत पुन्हा तळवे घासत होते, बराच वेळ, जणू गरमच होत नव्हते.