मास्तरांचे फुकट धडे

आमचे हे, म्हणजे मास्तर, निवृत्त झाले तेव्हा मला वाटलं, आता माणूस ओसरीवर निवांत बसेल. कसलं काय. दुसऱ्याच महिन्यात त्यांनी शिलाई मशीनवर मोबाइल उभा केला, धरणगावच्या आमच्या घराची एक भिंत काळी रंगवली आणि दहावीचं गणित शिकवायला लागले. समोर पोर एक नाही, मोबाइललाच शिकवायचं. तेही आपल्या अहिराणीत, कापसाचं वजन नि एस.टी.चं तिकीट घेऊन. धडा चालू असला की मी मिक्सर लावायचा नाही, कुकर उतरवून ठेवायचा. माझा स्वयंपाक त्यांच्या बीजगणिताच्या ताब्यात गेला.

वर्षभरात शंभरावर धड्यांचे व्हिडिओ झाले. सगळे फुकट. प्रत्येक धड्याच्या शेवटी हे सांगायचे, "कोनले बी धाडा, कोठे बी लावा, माले इचारानं काम नही." गाव म्हणायचं, मास्तरांचं मन मोठं. असेल मोठं. पण खरं कारण मला ठाऊक होतं. ते आम्ही लग्न लावून नरडाण्याला दिलं होतं.

आमची लेक, दिपमाला. गणिताच्या मास्तरांची पोर दहावीला गणितातच नापास झाली. निकालाच्या दिवशी हे म्हणाले, "शाळा पुरे झाली, आता घरातलं शीक." दुसऱ्यांच्या पोरांना तीन-तीनदा समजावणारा माणूस, पण स्वतःच्या लेकीला एकदाही घेऊन बसला नाही. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. आणि त्या दिवशी मी मूग गिळून बसले, त्याचाही. चार वर्षांनी तिचं लग्न झालं. सासरी म्हशी, आजारी सासू. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी येते तीही दोनच दिवस.

आता यांना वाटायचं, तिने धडे बघावेत, जुन्या शाळेतून गणिताचा फॉर्म पुन्हा भरावा, पास व्हावं. पण तिला स्वतः सांगतील तर शपथ. आमच्याकडे बाप लेकीशी फोनवर बोलतो म्हणजे काय, "बरी शे ना? ले, तुनी मायसंगे बोल." संपलं. जगाला तासन् तास शिकवायचं आणि लेकीला चार शब्दांत आटपायचं.

मध्येच जामनेरच्या कुण्या क्लासवाल्याने ते धडे उचलले आणि वर शुद्ध मराठीत आपला आवाज बसवला. हात मास्तरांचा, खडू मास्तरांचा, बोलतो मात्र दुसराच. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हे म्हणाले, "मीच सांगितलंय ना, विचारू नका म्हणून. पोरांना समजलं म्हणजे झालं." मग सगळीकडे त्या क्लासवाल्याचेच धडे पसरले, यांचे मागे पडले.

फॉर्मची शेवटची तारीख चार दिवसांवर आली. मास्तरांना जेवण गोड लागेना. शेवटी एका दुपारी मीच दिपमालाला फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि यांच्या हातात दिला. म्हटलं, "विचारा आता. नाहीतर जन्मभर मोबाइललाच शिकवा."

यांनी घसा साफ केला. "दिपा, धडा देखस का?"

"रोज लावस, आबा. भाकरी करता करता," ती म्हणाली. "गणित माले आजू बी समजत नही. तुमना आवाज ऐकस, बस. पन आते मोबाइलवर दुसराच मानूस बोलस. तुमनावाला धडा सापडत नही."

मास्तरांनी फोन माझ्याकडे सरकवला. त्यांच्याकडे मला बघवेना. मीच म्हटलं, "गणितना फॉर्म भरना शे, बाई. भरू का नको?"

तिने हळूच विचारलं, "पेपर धरणगावलेच ऱ्हातीन ना? दोन पेपर, मधमा एक दिन सुट्टी?"

"हा," हे म्हणाले.

"मंग भरी टाका, आबा. तीन दिन तरी घर ऱ्हावाले भेटी."