दानूबाईची ओटी

इंदू गेल्याचा फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते. थापलेली भाकरी तव्यावर टाकली, भाजली आणि मगच खाली बसले. इंदू माझी धाकटी जाऊ, शिरोळला राहायची. ऐन तारुण्यात विधवा झाली. दरवर्षी नदीला नवं पाणी आलं की ती आमच्या गावी यायची. मी कृष्णेची ओटी भरायची आणि ती घाटाच्या मागच्या पायरीवर ताट धरून उभी राहायची. विधवेनं ओटी भरायची नाही, ही आमच्याकडची रीत. सगळा जन्म ताट धरलं तिनं...

गेल्या दिवाळीआधी तिच्या मुलानं आम्हा दोघींना जर्मनीला नेलं आणि डॅन्यूब नदीतून बोटीनं चार देश दाखवले. इंदू त्या नदीला दानूबाई म्हणायची. पहिल्याच दिवशी तिनं पिशवीतून खण काढला, त्यात तांदूळ, हळकुंड, सुपारी बांधली. "हितं कोण बघतंय, आक्का?" म्हणाली आणि ओटी दिली पाण्यात सोडून. बोटीवरच्या माणसाला वाटलं, म्हातारीचं काहीतरी पडलं. त्यानं आकडीनं ते गाठोडं वर काढलं, पिळलं आणि तिच्या हातात दिलं. तिनं हसून "थँक्यू" म्हटलं. तो वळल्यावर परत सोडलं.

देश बदलला की नवा खण. मी म्हटलं, "अगं, नदी एकच हाय की. कितींदा भरतीस?"

"म्हायेरात भरली म्हणून सासरात भरत न्हाईत व्हय?"

हंगेरीत प्रवास संपला. पिशवीत एक हिरवा खण उरला होता. "मोजायला चुकलीस बघ," मी म्हटलं.

"चुकलो न्हाय. त्यो कृष्णामाईचा हाय." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "तू ताट धरशील न्हवं?"

"धरीन की."

नव्या पाण्याची वाट बघत होती. उन्हाळ्यातच गेली. तिला उचलायच्या आधी मी म्हटलं, हिची ओटी भरू या. बायका म्हणाल्या, "आक्का, विधवेची कुठं भरत्यात?" मी भांडले असते, पण भरायची तर त्या हिरव्या खणानंच, आणि तो तिनं कुठं ठेवलाय तेच मला ठाऊक नव्हतं. दिवसकार्य झाल्यावर तिच्या ट्रंकेत सापडला.

परवा नदीला नवं पाणी आलं. खण ताटात ठेवून घाटावर गेले. बायका म्हणाल्या, "आक्का, व्हा की म्होरं." मी मागच्या पायरीवर ताट धरून उभी राहिले. हात भरून आले तरी उभी राहिले. पुढची पायरी रिकामीच होती...

खण परत आणला. तिनं घातलेली घडी अजून तशीच आहे.