घेवरचंदांनी पुरा केलेला सिनेमा

दोंडाईच्याचे मिरचीचे व्यापारी घेवरचंद यांना गप्प बसणं कधी जमलंच नाही. प्रवचनात महाराज श्वास घ्यायला थांबले की हे "पुढे?" म्हणून विचारत. मयताला गेले तर चार माणसांना हसवून परत येत. अशा माणसाला सून विधीने एका रविवारी टीव्हीवर घोडे-बंदुकांचा जुना इंग्रजी सिनेमा लावून दिला. भलामोठा, दोन भागांचा. हिंदीत केलेला होता, पण बराच वेळ त्यात कोणी तोंडच उघडेना.

"यांच्या गावात मौनव्रत चालू आहे का?" घेवरचंद करवादले.

मग गोळ्या सुटल्या. जन्मात कांदा न खाल्लेले घेवरचंद मुडद्यावर मुडदा पडला तरी जागचे हलले नाहीत. शेवटी खलनायकाने नायकाला गळ्यापर्यंत वाळूत पुरलं, वर गिधाडं घिरट्या घालू लागली आणि पहिला भाग संपला. तेवढ्यात बायकोने, राजकुंवरने, टीव्ही बंद केला. सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायचं होतं.

"अगं, तो तिथे मरतोय!"

"मरू द्या. खिचडी गार होतेय."

दुसऱ्या दिवशी मिरची बाजारात घेवरचंदांनी सगळ्यांना गोष्ट सांगितली. गिधाडांपाशी येईपर्यंत लिलाव थांबला होता. माल घेऊन आलेला चुडामण आपल्याच पोत्यावर बसून ऐकत होता. शेजारी त्याची बायको प्रमिलाबाई.

"मंग? मरी गया का तो?" चुडामणने विचारलं.

आता हे घेवरचंदांना तरी कुठे ठाऊक होतं? पण "माहीत नाही" म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी बेधडक सिनेमातल्या खाणावळवाल्या विधवेच्या हातात झारा दिला आणि तिच्याकडून नायकाला उकरून काढवलं. खलनायकाला मिरचीच्या गोदामात गाठलं, त्याच्या डोळ्यांत पोतंभर तिखट उधळलं आणि विधवेचं नायकाशी लग्नही लावून टाकलं. हमालांनी शिट्ट्या मारल्या.

"तो तिखटवाला भाग आम्हले बी दखाडा ना, शेठ," प्रमिलाबाई म्हणाली.

बाजार आटोपताच नवराबायको त्यांच्यामागोमाग घरी आली. टाळायला सबब सुचेना. विधीने दुसरा भाग लावला.

नायकाला त्याच्या खेचराने ओढून काढलं. खलनायक तापाने बिछान्यातच मेला. मग नायक विहीर खणायला लागला. खणतोय, घाम पुसतोय, पुन्हा खणतोय. विधवा लांबून एकदा बघून आत निघून गेली.

चुडामणने मान वळवून घेवरचंदांकडे पाहिलं. घेवरचंद पंख्याकडे पाहत होते. राजकुंवर पदर तोंडाला लावून हसत होती.

"शेठ, तिखट कधी येई?" प्रमिलाबाईने विचारलं.

"नाही येणार," घेवरचंद पडेल आवाजात म्हणाले. "मीच रचलं होतं ते सगळं."

प्रमिलाबाईने टीव्हीवरच्या विहिरीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"हाई बंद करा," ती विधीला म्हणाली. "शेठ, तुम्हीच सांगा. लगीन व्हयनं, मंग?"

घेवरचंदांनी घसा खाकरला, मांडी ठोकून बसले आणि विधवेच्या सासूला घोड्यावर बसवून गावात आणलं.