पाणी कुणाच्या हाती

वाळवंटात पायी जायचं खूळ माझ्याच डोक्यातलं, उगाच दुसऱ्या कुणावर ढकलत नाही. आम्ही तिघी होतो. मी घिवलीची, तांडेलाची, म्हणजे होडीवरच्या म्होरक्याची मुलगी, बोईसरच्या एका औषधांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत कामाला. दुसरी बेटेगावची, त्याच कारखान्यात पॅकिंगला. तिसरी माझी कॉलेजातली मैत्रीण, पालघरच्या शाळेत गणित शिकवायची. रविवारी भाकऱ्या बांधून आम्ही आसपासचे डोंगर पालथे घातले होते. तिघी बिनलग्नाच्या, त्यामुळे लोकांना बोलायला विषय कमी पडायचा नाही. कुणी वंदा, कुणी निंदा, आमचं आपलं चालू होतं.

कारखान्याच्या गेटवर एक वयस्क रखवालदार होते, जैसलमेरकडचे. दुपारच्या सुट्टीत आम्ही त्यांच्या केबिनच्या सावलीत डबे खायचो आणि ते हिंदीतून गावच्या गोष्टी सांगायचे. एकदा बोलता बोलता म्हणाले, आमच्या वस्तीवरून पलीकडच्या वस्तीला जायचं तर पुरे दोन दिवस वाळूतून चालावं लागतं, आणि मध्ये काही नाही. झाड नाही, घर नाही, दुकान नाही. झालं. त्या दिवशी घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं.

आता खरं कारण सांगते. आमच्याकडे बाईनं मासेमारीला होडीवर जायचं नाही, अशी रीत. वारा कुठून फिरणार ते मला कळायचं, तारे ओळखता यायचे, दोराच्या सगळ्या गाठी बाबानं लहानपणीच शिकवल्या होत्या. माझ्या भावाला होडीत पाय टाकला की उलट्या व्हायच्या, तरी न्यायचे त्यालाच. मी आपली किनाऱ्यावर टोपली घेऊन उभी. राग यायचा मला. अजून येतो. वाळवंटात होडी नव्हती आणि तिथं आमच्या गावची रीतही नव्हती. तिथं मी पुढं चालणार होते आणि दोघी माझ्या मागून. मला एकदा तरी तांडेल व्हायचं होतं आणि ते बाबानं मानायला हवं होतं. हे मी मैत्रिणींना सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर शिक्षिकाबाई पोट धरून हसल्या असत्या.

बेत थंडीचा ठरला. रखवालदारकाकांनी खोक्याच्या पुठ्ठ्यावर नकाशा काढून दिला. एक वस्ती, मग एक विहीर, मग दुसरी विहीर, मग दुसरी वस्ती. पहिल्या विहिरीची त्यांनी छातीठोक खात्री दिली. दुसरीचं विचारलं तर मान हलवली. कधी पाणी असतं, कधी असून खारट लागतं, कधी दोरच कुणीतरी नेलेला असतो. त्यांचा भाचा आम्हाला पहिल्या वस्तीपर्यंत पोचवणार होता, पुढं आमचं आम्ही. शिक्षिकेनं गाड्या कुठं बदलायच्या, कुणी किती वजन उचलायचं, याची फुलस्केप कागदांवर कोष्टकं केली. तिचं सगळं कोष्टकात असायचं. बेटेगाववाली फक्त ऐकायची आणि मधूनच एखादा प्रश्न विचारायची. तिचे आईबाप पाऊस संपला की वीटभट्टीवर जायचे आणि लहानपणी तीही त्यांच्याबरोबर गावोगाव चाललेली. तिला चालण्याचं अप्रूप नव्हतं. म्हणायची, 'पाय दुकले का बसायचा.' मला वाटायचं, हिला उत्साहच नाही.

बैठका आमच्या ओट्यावर व्हायच्या. बाबा कोपऱ्यात जाळं विणत बसलेला असायचा. त्यानं होडी भावाच्या ताब्यात दिल्याला दोन-तीन वर्षं झाली होती. डोळ्यांनी कमी दिसतं म्हणायचा, पण जाळ्यातलं भोक त्याला बरोबर दिसायचं. आमच्यात तो एक अक्षर बोलायचा नाही. बाबाला आम्ही अरे-तुरेच करायचो, पण त्याच्या गप्प बसण्याला सगळं घर भ्यायचं.

तो पहिल्यांदा बोलला ते खाण्यावरून. वजन कमी हवं, टिकायला हवं, शिजवायची कटकट नको, असा हिशेब करून मी सुके बोंबील आणि जवळा न्यायचं ठरवलं. आईनं हौसेनं मोठं गाठोडं बांधलं. भाजून, वर तिखटमीठ लावून. बाबानं जाळं खाली ठेवलं, उठला, ते गाठोडं उचललं आणि पुन्हा आईच्या मांडीवर ठेवलं.

'खारा खाऊन पानी कुटून आननार?'

मी तर दिवसभर कारखान्यात मिठाचंच प्रमाण मोजायची. शिकून सवरून ही अक्कल. होडीवर पाणी कमी असेल तेव्हा सुकी मासळी बाहेर काढतसुद्धा नाहीत, हे मी लहानपणापासून ऐकलेलं होतं, पण आमच्या घरात प्रवास म्हटला की सुकट बांधायची, त्यामुळे हात आपोआप तिकडेच गेला. आई दोन दिवस बाबाशी बोलली नाही. माझ्याशीही नाही, म्हणजे सुंठीवाचून खोकला गेला.

तेव्हापासून बाबा आमच्यात बसायला लागला. त्यानं आधी पाणी मांडलं. चारी बाजूला पाणी आणि प्यायला एक थेंब नाही, यात त्याचा जन्म गेलेला, त्यामुळे वाळवंट त्याला आमच्यापेक्षा लवकर समजलं. पाण्याचे तीन वाटे करायचे, म्हणाला. एक जायचा, एक यायचा, तिसऱ्याला हात लावायचा नाही, तो दर्याचा. दर्या नसला तरी त्याचा वाटा काढायचाच. प्लास्टिकचे कॅन भरून त्यानं आम्हाला ओट्यावरून अंगणात, अंगणातून ओट्यावर चालायला लावलं. शेजारीपाजारी बघायला जमले. पोरी विहिरीवरून पाणी आणायचं विसरल्या म्हणून शिकवणी लावलीय काय, असं एका काकूनं विचारलंही.

मग एका रविवारी त्यानं विचारलं, तांडेल कोण.

शिक्षिका म्हणाली, आम्ही मैत्रिणी आहोत, सगळ्या सारख्या, वेळ पडली तर मत घेऊ. बाबानं तिला शांतपणे समजावलं. पाणी संपत आलं की प्रत्येकाचं डोकं आपापल्या तऱ्हेनं फिरतं. कुणी रडतं, कुणी भांडतं, कुणाला किनारा दिसायला लागतो. तेव्हा मत विचारायचं नसतं. म्हणून जमिनीवर असताना, पोट भरलेलं असताना, एकाला नेमायचं. पाणी त्याच्या हातात. तो फिर म्हणाला की फिरायचं, भांडण घरी आल्यावर. आणि ते माणूस ठरल्याशिवाय मी माझ्या पोरीला धाडणार नाही, म्हणाला.

आता तो माझ्याकडे बघेल असं वाटलं. पण त्यानं जाळं ओढलं आणि म्हणाला, आधी चालून दाखवा, मग मी सांगतो.

आमच्या घिवलीला खडक फार, म्हणून बाबाबरोबर पालघरजवळच्या शिरगावला गेलो. ऑक्टोबरचं ऊन. किल्ल्याकडून उतरलो तर बाबा म्हणाला, पाण्याजवळच्या ओल्या वाळूवरून कुणीही चालेल, तुम्ही वरच्या कोरड्या वाळूतून चाला. किती लांब ते सांगितलं नाही. जाता येईल तितकं जा आणि परत या, एवढंच. तिघींचं मिळून एका कॅनमध्ये पाणी दिलं आणि स्वतः सुरूच्या झाडाखाली बसला.

पहिला तास मजेत गेला. मग पाय घोट्यापर्यंत रुतायला लागले. शिक्षिकेनं चपला हातात घेतल्या आणि लगेच पुन्हा पायात घातल्या. घाम डोळ्यांत. मी पुढं, कॅन माझ्या खांद्यावर. पुढं किनारा वळतो तिथं कुणाची तरी होडी ओढून ठेवलेली दिसत होती. मी मनाशी ठरवलं, तिथवर गाठायचंच. बेटेगाववालीनं दोनदा माझ्या खांद्यावरचा कॅन हलवून पाहिला. तिसऱ्यांदा ती थांबली आणि खाली बसली.

'आता परत,' म्हणाली.

मी म्हटलं, अगं ती बघ होडी, दहा मिनिटं. ती म्हणाली, पाणी निम्मं झालं. शिक्षिका तिच्या शेजारी बसली. मला इतका राग आला! म्हटलं, बसा तुम्ही. कॅन तिच्या पुढ्यात ठेवला आणि एकटी गेले, पाण्याशिवाय. होडीला हात लावला आणि परत आले. जीभ टाळ्याला चिकटली होती, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, पण मी पोचले होते. त्या दोघी पोचल्या नव्हत्या.

सुरूखाली बाबानं सगळं विचारून घेतलं. कुणी काय म्हटलं, कुठं थांबल्या, कॅन कुणाजवळ होता. मी ताठ मानेनं सांगितलं. त्यानं कॅन उचलला आणि बेटेगाववालीच्या हातात दिला.

'तू तांडेल,' म्हणाला.

ती गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. मी समुद्राकडे बघत राहिले. पालघरपर्यंत, तिथून बोईसरपर्यंत, पुढं घिवलीपर्यंत मी बाबाशी बोलले नाही. एसटीत शेजारी जागा होती तरी उभी राहिले.

संध्याकाळी तो किनाऱ्यावर होडीच्या बुडाला लागलेलं शेवाळ खरवडत होता. माझ्या नाकावरचा राग तोवर डोक्यात गेला होता. मी जाऊन उभी राहिले आणि एकदाचं बोलले. सगळं बोलले. दोघींपेक्षा मी जास्त चालले, वारा मला कळतो, वाट मला कळते, बेत माझा, नकाशा मी आणला. होडीवर नाही घेतलंस, तेव्हा काही म्हटलं नाही. आता जमिनीवरसुद्धा नाही?

'मी मुलगी म्हणून ना?'

त्याचा हात थांबला. म्हणाला, तुझा मामा आपल्या होडीवर का येत नाही, माहीत आहे? मी म्हटलं, वाट्यावरून भांडण झालं होतं. घरात तसंच सांगायचे. त्यानं मान हलवली. मग त्यानं सांगितलं, पुन्हा खरवडायला सुरुवात करून, माझ्याकडे न बघता. एका वर्षी खूप आत मासळी लागली होती. पाणी निम्म्यावर आलं तेव्हा मामा म्हणाला, फिरू या. बाबानं एक जाळं अजून टाकलं, मग अजून एक. मग इंजिन बंद पडलं. दोन दिवस पाणी नव्हतं. मामा खारं पाणी प्यायला आणि त्याचं डोकं फिरलं, दर्यात उडी टाकायला लागला.

'डोलकाठीला बांदून आनला त्याला. माज्याच हातांनी बांदला.'

वारा पडला होता. लांब कुणीतरी मासळीच्या पाट्या धूत होतं.

'पोरगी हायस म्हनून नाय,' तो म्हणाला. 'तू माज्यासारकी हायस. तू फिरनार नाय.'

त्याच्यासारखी आहे हे त्यानं म्हणावं म्हणून मी लहानपणापासून झुरत होते. त्यानं म्हटलं ते असं. मी तिथंच ओल्या वाळूत बसले आणि रडले, आणि तो शेवाळ खरवडत राहिला.

थंडीत आम्ही गेलो. पहिली विहीर काकांनी सांगितली तशीच भेटली. दुसऱ्या दिवशी दुपारी दुसऱ्या विहिरीवर पोचलो तर दगड होते, दोर होता, पाणी नव्हतं. पलीकडे वाळूचा एक उंच कडा होता आणि त्याच्यामागून धूर वर येत होता. वस्ती तिथंच असणार, पण किती लांब ते वाळूत कळत नव्हतं. दर्याचा वाटा सोडला तर आमच्या कॅनमध्ये पहिल्या विहिरीपर्यंत परतण्यापुरतं पाणी होतं, त्याच्या पुढचं नाही. शिक्षिका कोष्टक काढून बघायला लागली. बेटेगाववालीनं धुराकडे पाहिलं, कॅनचं झाकण घट्ट केलं आणि म्हणाली, फिरायचं.

सगळ्यांत आधी मी वळले.