सहा तारा आणि तीन म्हातारे

तीन म्हातारे पत्र्याच्या छपराच्या एका खोलीत रोज तालमीला बसले, की किस्से साचतातच. गिरणीत यंत्राखाली कापसाचा भुगा साचतो तसे. कोणी मुद्दाम करत नाही आणि कोणी झाडूनही काढत नाही. मी झाडतोय. "जरा वयाचा मान राखून लिही," असं एकानं सुचवलं. वयाचा मान राखायची सवय असती तर मी मॅट्रिक झालो असतो!

भवानी पेठेतल्या एका थेटरात मुका सिनेमा चालायचा आणि पडद्याखाली आमचा बँड. पेटीवर अंतूमास्तर, तेच मुख्य. फिडलवर व्यंकय्या, घरचा धंदा सूत रंगवायचा. तबल्यावर हुसेनचाचा. आणि मी, इंग्रजी पाचवीत हेडमास्तरांशी भांडून शाळेबाहेर पडलेला. माझ्याकडे झांजा होत्या.

एके दिवशी मालकांनी गिटार आणली. कुठल्याशा गिरणीचा साहेब विलायतेला निघाला, त्याच्या सामानाच्या लिलावातून. ती माझ्या हातात देऊन म्हणाले, "शनवारी नवं चित्र लागतंय. तवर जमलं तर तू कायम. न्हाय तर क्लॅरिनेटवाला आणतो."

घरी वडिलांनी पुढचं वाक्य पुरं केलं. "न्हाय जमलं तर सोमवारी माझ्यासंगं गिरणीत, सूतखात्यात."

थोरला भाऊ सूतखात्यात लागल्यापासून खोकतोय. मला गिटार जमणं भाग होतं.

* * *

पहिल्या दिवशी मास्तरांनी गिटार मांडीवर घेतली, तारा मोजल्या आणि दोन काढून ठेवल्या. उरलेल्या चार तंबोऱ्यासारख्या लावल्या. पंचम, षड्ज, षड्ज, षड्ज.

मी विचारलं, "मास्तर, मग साहेबानं त्या दोन कशाला लावल्या होत्या?"

"साहेब लोकांना सगळंच जास्त लागतं!"

* * *

रेल्वेत गोव्याकडचा एक गार्ड होता, त्याला गिटार येत असे. मी गिटार आणि काढलेल्या दोन तारा घेऊन स्टेशनवर त्याला गाठलं. त्यानं सहाही तारा लावून दाखवल्या आणि पेटीच्या कुठल्या पट्टीला कुठली तार मिळवायची तेही सांगितलं. जाड तारेपासून बारीक तारेकडे: पांढरी तीन, सहा, दोन, पाच, सात आणि शेवटी वरच्या सप्तकातली पुन्हा तीन. काळी एकही नाही. मी खोलीच्या भिंतीवर कोळशानं लिहिलं: ३ ६ २ ५ ७ ३.

मास्तर भिंतीपुढे बराच वेळ उभे राहिले. "तीन, सहा... पुढं नऊ पाहिजे."

"पाढा नाही मास्तर, सूर आहेत."

"मग तर शिस्त जास्तच पाहिजे!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीला चुना मारून घेतला.

* * *

व्यंकय्याला माझी दया आली. "आकडे कशाला रे लक्षात ठेवायचे? रंग ठेव." त्यानं घरून सहा रंगांचं सूत आणलं आणि प्रत्येक खुंटीला एकेक धागा बांधला. हिरवा तीन, पिवळा सहा, असं ठरलं. मी म्हटलं, उन्हाळा आहे, घामानं रंग जाईल.

व्यंकय्या भडकला. "आमचा रंग? तीन पिढ्यांत कुणाचा गेला नाही!"

तिसऱ्या दिवशी सहाही खुंट्यांवर एकच रंग होता. लाल. व्यंकय्यानं धागे निरखून पाहिले आणि म्हणाला, "बघ, लाल कसा पक्का हाय!"

* * *

बारीक तार सारखी उतरायची. हुसेनचाचा म्हणाले, "उतऱ्या तो चढाने का! उसमें क्या?" आणि तबल्याची हातोडी घेऊन खुंटीवर दोन ठोके दिले. तार तुटून त्यांच्याच दाढीत अडकली.

"चाचा, काय केलंत हे!"

ती सोडवत चाचा म्हणाले, "चढ्या की नै, वो बोल!"

* * *

गार्डानं नवी तार दिली. आता पाचवी तार तेवढी पेटीवर मिळवायची राहिली होती, पांढऱ्या सातला. मी पट्टी दाबली तर नुसता वारा. ती पट्टी कित्येक वर्षांपासून मुकी होती. मास्तरांनी ती दुरुस्त केली नव्हती. त्यांनी चालीच अशा बांधल्या होत्या, की तो सूर कुठं लागू नये!

मी बोललो, तर म्हणाले, "त्या सुराशिवाय माझं वीस वर्षं अडलं नाही. तुझं आठवड्यात अडलं?"

मग गार्डाची दुसरी युक्ती काढली. गिटारच्या दांडीवर सतारीसारखे पडदे असतात; तार पाचव्या पडद्यावर दाबली, की पुढच्या तारेचा सूर मिळतो. फक्त चौथी तार चौथ्या पडद्यावर दाबायची. चौथीला चौथा, लक्षात ठेवायला किती सोपं!

"सगळीकडे पाच आणि मध्येच चार?" मास्तर म्हणाले. "गार्ड चुकला असेल. नियम म्हणजे नियम."

* * *

शनिवारी दुपारी तीनचा खेळ. गिटारला काम एकच, पडद्यावर राक्षस आला की सहाही तारा एकदम झोडायच्या. मी नीट लावून ठेवली आणि या तिघांचा चहा आणायला गेलो. तेवढ्यात मास्तरांनी चौथी तारही पाचव्या पडद्यावर धरून पुढच्या दोन्ही तारा चढवल्या.

राक्षस आला. मी झोडलं. असा कर्कश आवाज निघाला, की माझेच दात शिवशिवले. बायका किंचाळल्या, एक पोर बाकाखाली शिरलं. मालक धावत आले. "वा रे पठ्ठ्या! कायम!"

मास्तर पेटीआडून म्हणाले, "चौथा पडदा म्हणे!"

* * *

बेसूर वाजवून कायम होण्याची मला लाज वाटली. रविवारी मी गिटार पुन्हा बरोबर लावली. राक्षस आला. मी झोडलं. गोड आवाज आला.

पिटातून, पुढच्या स्वस्त बाकांवरून, कुणीतरी ओरडलं, "आला बगा जावई! पाट मांडा की!"

सगळं थेटर हसलं. राक्षस पोरं खात होता आणि लोक डोळे पुसत होते!

मध्यंतरात मालक खाली आले. "राक्षस अजून एकदा येणार हाय. परत हसले, तर उद्यापास्नं येऊ नगंस." मग मास्तरांकडे वळले. "मास्तर, काल तुमीच लावली व्हती न्हवं? लावा तशीच."

मला भावाचा खोकला ऐकू यायला लागला.

मास्तर मालकांकडे पाठ करून बसले, गिटार मांडीवर घेतली आणि खुंट्यांवर बोटं ठेवली. ती हलेनात. ओठ न हलवता मला म्हणाले, "बाब्या, काल मी काय केलं होतं रे?"

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग त्यांच्या उपरण्याखालून हात घातला आणि दोन्ही खुंट्या पिळल्या.

मास्तरांनी डोळे मिटून मान डोलावली.

मालक माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "बघून घे, पोरा. जल्म घातलाय त्यांनी!"